परक्याचे युद्ध आणि घरातले कारण

पत्र : मी ऐरोलीला राहते. माझा मुलगा २३ वर्षांचा आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून तो रबाळे एमआयडीसीतील एका कारखान्यात कंत्राटावर काम करतो, दुसऱ्या पाळीला असतो आणि रात्री साडेअकराला घरी येतो. लहानपणापासून त्याला सैन्यात जायचे होते. २०२२ साली मुंब्र्याच्या भरती मेळाव्यात तो धावण्यात काही सेकंदांनी राहिला, पुढच्या वर्षी लेखी परीक्षेत राहिला, आणि मग वय निघून गेले. गेले तीन महिने तो परदेशी सैन्यात जाण्याच्या गोष्टी बोलतो. कधी फ्रान्सचे नाव घेतो, कधी रशियाचे. मोबाईलवरच्या कुठल्याशा ग्रुपमधला एक माणूस साडेतीन लाखांत ‘आर्मी हेल्पर’चे काम मिळवून देतो म्हणतो. ह्यांचे म्हणणे असे, की ह्यांचे पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडे गेले, ते परतलेच नाहीत, तेव्हा हे रक्तातच आहे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी त्यांचे पदक अजून देवघरात ठेवलेले आहे. दुसऱ्यांच्या लढाईत मरायला माणसे आपण होऊन का जातात? आमचे कुठे चुकले? मी त्याचा पासपोर्ट लपवून ठेवला आहे, हे बरोबर केले का?
– एक आई, ऐरोली

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील सर्वांत तातडीची गोष्ट आपण एका वाक्यात उरकली आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते. साडेतीन लाख रुपये घेऊन परक्या सैन्यात ‘हेल्पर’चे काम देऊ करणाऱ्या माणसाला एक रुपयाही देऊ नये, आणि मुलाने आधीच काही दिले असल्यास ते आपल्याला आजच कळले पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने सांगितल्याप्रमाणे रशियन सैन्यात गेलेल्या १२६ भारतीयांची प्रकरणे तोवर सरकारपुढे आली होती. त्यांतील ९६ जण परतले होते, १२ जण मृत्युमुखी पडले होते आणि १६ जणांना रशियाने ‘बेपत्ता’ ठरवले होते. यांतले अनेक जण लढायला म्हणून घराबाहेर पडलेच नव्हते. कोणाला सुरक्षारक्षकाचे काम सांगितले होते, कोणाला मदतनिसाचे, कोणी तर शिक्षणाच्या व्हिसावर गेले होते. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने अशा दलालांच्या मागावर सात शहरांत छापे घातले, त्यांत मुंबईही होती. आपल्या शेजारच्या नेपाळने तर जानेवारी २०२४ मध्ये रशिया आणि युक्रेन या दोन्ही देशांसाठी कामाचे परवाने देणेच थांबवले.

या व्यवहारात सही ज्या कागदावर होते तो रशियन भाषेत असतो. दलाल एक वर्षाचा करार म्हणून सांगतो. परंतु सप्टेंबर २०२२ मधील रशियन अध्यक्षांच्या आदेशाने असे करार मुदत संपल्यावर आपोआप पुढे चालू राहतात, हे तो सांगत नाही. आपल्याकडे १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेल्या एजंटाला परदेशी नोकरीसाठी जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर एवढेच सेवाशुल्क घेता येते. साडेतीन लाख हा आकडा ऐकल्यावर त्या माणसाची आणखी चौकशी करण्याचे कारण उरत नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात उत्प्रवासींच्या संरक्षणाचे सरकारी कार्यालय आहे. त्या माणसाचे संदेश, त्याने पाठवलेले कागद, पैसे मागितल्याचा पुरावा, हे सारे मुलाकडून घेऊन तिथे दाखवावे, आणि पैसे गेले असतील तर जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रारही द्यावी. कायद्याची आणखी एक बाजू मुलाच्या कानावर घालावी : भारताशी ज्या देशाचे शांततेचे संबंध आहेत अशा देशाच्या सरकारविरुद्ध युद्ध करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १५३ खाली गुन्हा आहे. भारताचे संबंध रशियाशीही आहेत आणि युक्रेनशीही आहेत.

आता आपला खरा प्रश्न.

मी ठाण्यातील एका शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवला. पहिल्या महायुद्धाचा धडा आला, की दरवर्षी मागच्या बाकावरून हाच प्रश्न येई, “बाई, आपले लोक तिकडे कशाला गेले?” ब्रिटिशांनी नेले, हे ठरावीक उत्तर देऊन मी सुरुवातीची काही वर्षे पुढे सरकत असे. हे उत्तर अपुरे होते. त्या युद्धात सैनिक आणि मजूर मिळून सुमारे १३ लाख भारतीय कामी लागले आणि त्यांतले ७४,००० हून अधिक मरण पावले, आणि तरीही हिंदुस्थानात सक्तीची भरती कधीच नव्हती. पंजाबात शेवटच्या दोन वर्षांत गावोगाव दडपण आले, हे खरे. तरी कागदोपत्री प्रत्येक माणूस स्वेच्छेने गेलेला होता. त्या स्वेच्छेच्या पोटात काय होते, तेच आपण विचारत आहात.

पगार होता, हे तर उघड आहे. १९१४ मध्ये शिपायाला महिना ११ रुपये मिळत. सातारा, रत्नागिरी, कुलाबा (आजचा रायगड) या भागांत जमिनीचे तुकडे लहान होते, पाऊस बेभरवशाचा होता, आणि दरमहा ठरलेल्या दिवशी हातात पडणारी रक्कम ही तिथल्या घरांना ठाऊकच नसलेली गोष्ट होती. पण केवळ पैशाने सगळे समजत नाही, कारण मुंबईतल्या गिरण्याही माणसे घेत होत्या आणि गिरणीत जीव जाण्याची भीती बरीच कमी होती. भरतीच्या रीतीकडे पाहिले म्हणजे अधिक समजते. रजेवर आलेला हवालदार गावातून परतताना आपला चुलतभाऊ, मेहुणा, शेजाऱ्याचा धाकटा यांना बरोबर घेऊन जाई. भरतीचे कार्यालय कुठे आहे हे ठाऊक नसलेल्या पोराला हवालदारकाका ठाऊक असे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एका गावातले ४६ जण त्या महायुद्धात कामी आले, आणि ते गाव आजही अपशिंगे मिलिटरी म्हणून ओळखले जाते. घाटावर आणि कोकणात कितीतरी गावांच्या चावडीत किंवा देवळाच्या भिंतीत संगमरवरी पाट्या बसवलेल्या आहेत : या गावातून इतकी माणसे महायुद्धास गेली, पैकी इतक्यांनी प्राण दिले. त्या पाट्यांवर युद्धाचे कारण एका शब्दानेही दिलेले नाही, आणि मला वाटते, जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते विचारले असेल. त्यांच्या लेखी ते जर्मनीविरुद्धचे युद्ध नव्हतेच. गावातले कोण कोण जात आहे आणि मागे राहणाऱ्याला काय म्हटले जाईल, एवढीच ती गोष्ट होती.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. ब्रिटनमध्ये १९१४ साली एका गावच्या, एका गिरणीच्या, एका क्लबच्या मित्रांनी एकत्र नाव नोंदवावे आणि एकत्रच लढावे अशा खास पलटणी उभारल्या गेल्या. अ‍ॅक्रिंग्टन या गावची अशी एक पलटण १ जुलै १९१६ रोजी सॉमच्या लढाईत पुढे सरकली. सुमारे ७०० पैकी ५८४ जण अर्ध्या तासाच्या आत ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. सोबतीने भरती होण्याचा हा हिशेब त्यानंतर तिथल्या सरकारला इतका जड गेला, की ती पद्धत मागे पडली.

आणखी एका कारणावर मला थोडे थांबायचे आहे, कारण आपल्या मुलाचे कारण मला त्याच्या जवळचे वाटते. १८९० नंतरच्या दशकात ब्रिटिशांनी महार समाजाची सैन्यभरती बंद केली. ज्या घरांत दोन-तीन पिढ्या सुभेदार, जमादार, हवालदार होऊन गेले होते, त्या घरांतल्या मुलांना आता तू लढाऊ जातीचा नाहीस, असे सांगण्यात आले. माजी सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केले. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे स्वतः सुभेदार होते. १९१७ मध्ये माणसांची टंचाई पडली तेव्हा १११ महार्स ही पलटण उभी राहिली, आणि युद्ध संपून गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडली. पुढे १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा सततचा आग्रह होता. युद्ध दोन्ही वेळा परक्यांचे होते, आणि हे भरती होणाऱ्यांना कळत नव्हते असे मानणे हा त्यांचा अपमान होईल. परंतु गणवेश चढवला की गावच्या पाणवठ्यावर मिळणारी वागणूक बदलू शकत होती, पोराला शाळा मिळू शकत होती, नावापुढे हुद्दा लागू शकत होता. ज्याच्यापुढे दार बंद केले गेले होते, त्याने ते दार उघडताच आत पाऊल टाकले. त्या दाराच्या पलीकडे मेसोपोटेमिया (आजचा इराक) होता की इटली, हे त्याच्यासाठी दुय्यम होते.

युद्धात जाणे हा उघड राजकीय सौदाही असू शकतो, आणि हे सौदे करणारी माणसे भोळी नव्हती. १९१८ च्या उन्हाळ्यात गांधीजी खेडा जिल्ह्यात ब्रिटिशांसाठी सैनिक मिळवत पायी फिरले आणि त्यांना फारच थोडी माणसे मिळाली. काही महिन्यांपूर्वी ज्यांनी त्यांच्या शब्दाखातर सारा भरला नव्हता, तेच शेतकरी आता गाडीला बैल द्यायलाही तयार नव्हते. टिळकांची भूमिका अशी होती, की हिंदी लोकांना सैन्यात अधिकारपदे मिळण्याचे वचन सरकारने आधी द्यावे. तसे वचन गांधीजींनी मिळवल्यास महाराष्ट्रातून ५,००० माणसे देतो, न दिल्यास पैजेची रक्कम म्हणून ठेवा, असे कळवून त्यांनी ५०,००० रुपयांचा चेक पाठवला होता. गांधीजींनी तो परत केला. ही गोष्ट मी वर्गात सांगितली की मुले हसत, आणि मग एखादा हुशार मुलगा विचारी, की त्या ५,००० जणांना कोणी विचारले होते का? त्याचे उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हते.

तत्त्वासाठी जाणारे मोजके असतात, पण असतात. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात होते, नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते. बाकीचे चौघे परतले, कोटणीस मागे राहिले, चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या सेनेतील जखमींवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले. आपला मुलगा कदाचित हे उदाहरण आपल्यापुढे ठेवील, म्हणून त्यातला फरक आपल्याला माहीत असावा. कोटणिसांना कुठल्या दलालाने नेले नव्हते. त्यांना एका संघटनेने उघडपणे पाठवले होते, बरोबर चार सहकारी होते, हातात एक पक्के कौशल्य होते आणि परतीचा रस्ता मोकळा होता. राहण्याचा निर्णय त्यांनी तिथे जाऊन, सगळे डोळ्यांनी पाहिल्यानंतर घेतला.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातलेच आहे. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या गटाबरोबर इराकला गेले आणि तिथून दहशतवाद्यांच्या फौजेत सामील झाले. त्यांच्या घरच्यांना ते गेल्यावर कळले. आपल्या मुलाचा त्या मार्गाशी काही संबंध नाही, आणि तो जोडण्याचा माझा मुळीच हेतू नाही. त्या चार घरांमध्येही कोणी आई होती आणि तिलाही मोबाईलच्या पडद्यावर काय चालले आहे हे दिसत नव्हते, एवढ्यासाठीच ते सांगितले.

ठाण्यात बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यूंचा, समाज मोठा आहे. शार हाशमाईम हे त्यांचे प्रार्थनास्थळ १८७९ पासून इथे आहे, आणि माझ्या वर्गात त्यांची मुले असत. इस्रायलला स्थायिक झालेल्या कुटुंबांतील मुलामुलींना तिथल्या कायद्याप्रमाणे सैन्यात सेवा करावीच लागते. त्यांच्या आजी इथे चेंदणीत किंवा नौपाड्यात बसून जी काळजी करतात ती आपल्यासारखीच असते. पण तिथे ‘का गेला’ हा प्रश्न नसतो. आपल्या मुलाला कोणी बोलावलेले नाही. म्हणूनच त्याच्या बाबतीत तो प्रश्न विचारण्यात अर्थ आहे.

आपले पत्र मी तीनदा वाचले. त्यात मुलाला युक्रेनबद्दल काय वाटते, रशियाबद्दल काय वाटते, फ्रान्सशी त्याचे काय नाते आहे, याबद्दल एक शब्द नाही. कधी हा देश, कधी तो. दोन विरुद्ध बाजूंचे देशसुद्धा त्याला चालतात. मात्र भरती मेळावा, काही सेकंद, लेखी परीक्षा आणि निघून गेलेले वय हे सगळे पत्रात आहे, आणि तेही अगदी नेमकेपणाने. अग्निपथ योजनेत तेव्हा १६०० मीटर धावायला पाच मिनिटे आणि पंचेचाळीस सेकंद मिळत, त्यानंतर पोहोचलेला मुलगा मैदानाच्या कडेने बाहेर काढला जाई. वयाची मर्यादा २०२३ मध्ये २१ होती. ज्या मुलाने शाळेपासून एकच गोष्ट ठरवली होती, त्याला विसाव्या-एकविसाव्या वर्षी ‘तुझे संपले’ असे सांगितले गेले, आणि त्यानंतर तो कंत्राटावर, दर अकरा महिन्यांनी नवे पत्र घेत, कारखान्यात उभा आहे. मी सकाळी दादोजी कोंडदेव मैदानाच्या बाजूने फिरायला जाते तेव्हा भरतीसाठी धावणारी मुले पाहते. त्यांच्यातली बहुतेक नापास होणार, हे त्यांनाही ठाऊक असते. पण नापास झाल्यावर त्यांचे काय होते, हे पाहायला मैदानावर कोणी नसते.

तेव्हा माझा अंदाज असा, की त्याला युद्ध नको आहे; त्याला निवड हवी आहे. कोणीतरी आपल्याला तपासून, मोजून, हो म्हणावे, एवढेच त्याला हवे आहे, आणि दलाल नेमके तेच विकतो. आपण त्याला युद्धाचे भय दाखवत राहिलात तर त्याचा उपयोग होणार नाही, कारण भय दाखवले की भरती होण्यातला मान त्याच्या दृष्टीने वाढतच जातो. अंदाज माझा आहे; खरे कारण तोच सांगू शकेल, आणि अजून त्याला ते कोणी विचारलेले दिसत नाही.

फ्रान्सच्या परदेशी सैनिकांच्या फौजेबद्दल थोडे सांगते, कारण ती फसवणूक नाही आणि तिला फसवणूक म्हटल्यास मुलाचा आपल्या इतर बोलण्यावरचाही विश्वास उडेल. ही फौज १८३१ पासून आहे, साडेसतरा ते साडेएकोणचाळीस वयाच्या कुठल्याही देशाच्या पुरुषाला घेते आणि पहिला करार पाच वर्षांचा असतो. तिची भरती फक्त फ्रान्सच्या भूमीवर होते. परदेशात तिचा एकही प्रतिनिधी नाही, ती पैसे घेत नाही, व्हिसा किंवा तिकिटाची सोय करत नाही. तेव्हा इथे बसून तिच्यात जागा मिळवून देतो म्हणणारा माणूस खोटा बोलतो. उमेदवाराने आपल्या खर्चाने जायचे आणि नाकारले गेल्यास आपल्याच खर्चाने परतायचे, आणि नाकारले जाणारेच जास्त असतात. तीन वर्षांच्या सेवेनंतर फ्रेंच नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो; ते मिळाले की भारतीय नागरिकत्व संपते, कारण आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. आणि इथली कोणतीही सवलत, निवृत्तिवेतन, कँटीन, माजी सैनिकांची राखीव जागा, परक्या सैन्यातल्या सेवेला लागू होत नाही. गावच्या पाटीवर नाव लागण्याचा तर प्रश्नच नाही.

दुसरे रस्ते मी थोडक्यात सांगते, कारण ते त्यालाही ठाऊक असतील. प्रादेशिक सेनेत शिपाई म्हणून ४२ वर्षांपर्यंत जाता येते. राज्याच्या पोलीस भरतीत खुल्या गटाला २८ वर्षांपर्यंत वाव आहे. आणि मेकॅनिकलच्या मुलाने सीमा सडक संघटनेची वाहन मेकॅनिकची जाहिरात येताच पाहावी : तिथे २७ वर्षांपर्यंत घेतात, भरतीचे केंद्र पुण्याजवळ दिघीला आहे, आणि काम लडाख-अरुणाचलात, सैन्याच्या खांद्याला खांदा लावून असते. हे रस्ते आपण त्याच्यापुढे जेवणाच्या ताटासारखे वाढून ठेवू नयेत. एकदा सांगावे आणि विषय सोडावा.

आता आपल्या यजमानांविषयी. रक्तात आहे, हे वाक्य त्यांनी अभिमानाने म्हटले असेल, पण मुलाच्या कानात ते परवानगी म्हणून पडते. त्यांना एक काम सांगावे. पुढच्या रविवारी बापलेकांनी गावी जाऊन ते पदक देवघरातून बाहेर काढावे आणि उजेडात पाहावे. पिवळ्या धातूचे असून त्यावर पंख असलेली स्त्री असेल, तर ते विजयपदक. त्याच्या मागे ‘संस्कृतीसाठी महायुद्ध’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द आहेत. राजाचा चेहरा असेल आणि पदक चांदीचे असेल, तर पणजोबा शिपाई होते. तेच पदक काळपट ब्राँझचे असेल, तर ते लढणाऱ्यांत नव्हते, पाणी वाहणाऱ्या, खेचरे हाकणाऱ्या, ओझी उचलणाऱ्या माणसांत होते, आणि ही माणसेही त्या वाळवंटात तशीच मेली. पदकाच्या कडेवर, नाणे उभे धरल्यासारखे धरून पाहिले तर, बारीक अक्षरांत क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असेल. ती वाचावी.

ते वाचून झाल्यावर मुलाला हेही सांगावे. बसऱ्याला त्या युद्धातील मृतांचे मोठे स्मारक आहे, तिथे ४०,००० हून अधिक जणांची नोंद आहे. तिथल्या भिंतींवर ब्रिटिश सैनिकांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची नावे आहेत, पण साध्या हिंदी शिपायांची नावे नाहीत. प्रत्येक पलटणीखाली अमुक इतके, असा फक्त आकडा आहे. त्यांची नावे आता राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या नोंदींत इंटरनेटवर शोधता येतात, पण भिंतीवर ती नाहीत. ज्यांच्यासाठी पणजोबा गेले त्यांनी त्यांचे नाव दगडावर कोरले नाही. ते या पदकाच्या कडेवर राहिले आणि आपल्या देवघरात राहिले. मेसोपोटेमियातील कुतच्या वेढ्यात १४७ दिवस अडकून २९ एप्रिल १९१६ ला शरण गेलेल्या पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. पणजोबांची पलटण त्यांतली निघाली, तर उपासमार आणि कैद यांचा इतिहास बापलेकांना मिळून वाचता येईल. तो वाचून मुलगा जायचे रद्द करील, असे आश्वासन मी देत नाही. पण रक्तात काय आहे हे म्हणण्याआधी त्या माणसाचे काय झाले हे दोघांनाही माहीत असेल.

आमचे कुठे चुकले, असे आपण विचारता. मला आपली चूक दिसली नाही. वर सांगितलेल्या कुठल्याच घराची ती नव्हती. फक्त एका ठिकाणी माझे मत आपल्याविरुद्ध जाते, आणि ते पासपोर्टबद्दल आहे. मुलगा सज्ञान आहे, पासपोर्ट त्याचा आहे. हरवल्याची तक्रार देऊन त्याला नवा मिळेल, आणि तोवर तो आपल्याशी बोलणे थांबवील. दलालाला याहून सोयीचे दुसरे काही नाही. बसऱ्याला गेलेल्या पोराला हवालदारकाका होता, आपल्या मुलाला मोबाईलमधला माणूस आहे, आणि घरातले बोलणे बंद झाले की तो माणूसच जवळचा होतो.

आपण लिहिले आहे, की तो दुसऱ्या पाळीला असतो आणि रात्री साडेअकराला घरी येतो. त्या वेळी यजमानांना झोपू द्यावे. पासपोर्ट टेबलावर ठेवावा, तो मी लपवला होता हे आपण होऊन सांगावे, आणि रशियाचे, फ्रान्सचे, पैशांचे काहीही न काढता त्याला मुंब्र्याच्या मैदानावर त्या दिवशी शेवटच्या फेरीत काय झाले, ते विचारावे. ते त्याने आपल्याला आजवर कधी सांगितले आहे का? कदाचित तो लगेच बोलणार नाही. आपण भाजी गरम करायला घ्यावी आणि थांबावे.